तीन पुलांचा तह

तीन पुलांचा तह मी रचला तो निव्वळ संतापापोटी. असा तह जगाच्या पाठीवर कुठेही, कधीही झालेला नाही. पण माझ्या नववीच्या वर्गाला अक्कल शिकवायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. इतिहास-राज्यशास्त्राचा गृहपाठ दिला की संध्याकाळी कुणीतरी तो प्रश्न मदतीच्या साइटवर टाकायचं, तासाभरात ‘जाणकार’ नावाने कुणीतरी उत्तर द्यायचं, आणि सकाळी ते उत्तर स्वल्पविरामासकट सगळ्यांच्या वहीत हजर. वर्षभर बोंबलले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून प्रश्न दिला, ‘तीन पुलांच्या तहामुळे नगरसभेचे कोणते अधिकार गेले? दहा मुद्दे लिहा.’

चोविसांपैकी तेवीस वह्यांत दहा मुद्दे आले. चोविसाव्या वहीत एकच ओळ होती, ‘असा तह पुस्तकात कुठेही नाही.’ ती वही माझ्या भाचीची. बहीण परगावी नोकरीला आहे, म्हणून पोर दोन वर्षं माझ्याकडे असते आणि माझ्याच वर्गात बसते. मी ती वही वर्गासमोर उंच धरली. म्हटलं, बघा, डोकं वापरणारं एक तरी आहे. तेवीस चेहरे तिच्याकडे वळले. ती बाकावरची रेघ नखाने खरवडत बसली. मला वाटलं, लाजली.

शाळेचा नियम सरळ आहे. नक्कल सापडली तर त्या विषयाच्या वार्षिक पेपरला बसता येत नाही, आणि एक पेपर गेला की वर्ष गेलं. उत्तर पुरवणाऱ्यालाही तीच शिक्षा. मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत यादी मागितली.

गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

‘‘बाई, प्रश्नच खोटा होता. त्यापायी पोरांचं वर्ष घालवणार?’’

‘‘प्रश्न खोटा होता म्हणून तर चोरी पकडली गेली.’’

‘‘चोरी पकडायची म्हणून तुम्हीच दार उघडं ठेवलंत.’’

‘‘तुमच्या वह्या तपासा, सर. माझ्या मी तपासते.’’

ते गेले. तेवीस नावं लिहून झाली आणि पुरावा म्हणून मी साइटवरचं उत्तर छापून घेतलं. तोपर्यंत मी वह्या नुसत्या एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या, हा मजकूर नीट वाचलाच नव्हता. या जाणकाराचा मला सगळ्यात जास्त राग होता. कुणी नापास झालेला, रिकामटेकडा टोणगा असणार, असं मी धरून चालले होते. चौथा मुद्दा वाचला आणि थांबले. ‘या तहाने नावाड्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला.’

नावाडी प्रश्नात नव्हते. माझ्या कच्च्या मसुद्यात होते. फार रंगवल्यासारखं वाटलं म्हणून मीच त्यांच्यावर काट मारली होती. आणि तो कागद घरातल्या जेवणाच्या टेबलावरून कुठेही गेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

घरी आले तेव्हा ती त्याच टेबलावर भूगोलाचा नकाशा रंगवत होती. मी छापलेलं उत्तर आणि यादी तिच्यापुढे टाकली.

‘‘जाणकार तू?’’

तिने नकाशावरून पेन्सिल उचलली नाही. ‘‘हो.’’

‘‘वर्षभर?’’

‘‘हो. आधीची सगळी उत्तरं बरोबर होती, मावशी. तपासून बघ.’’

‘‘मग हे का? सापळा आहे हे तुला माहीत होतं. मसुदा तू वाचला होतास.’’

‘‘म्हणून तर लिहिलं. सगळे अडकावेत म्हणून.’’

इतक्या थंडपणे म्हणाली की माझा हात उठला. खोटं कशाला सांगू, अर्ध्यावर थांबवला तो मोठ्या कष्टाने. घरचा भेदी मी पोसला होता, स्वतःच्या हाताने वाढून.

‘‘त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?’’

‘‘मला शेपूट म्हणतात. तुझी शेपूट. मी बाकावर बसले की उठून जातात. गटाने प्रकल्प करायचा असला तर माझा गट एकटीचा असतो. तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, अभ्यास कर, आपोआप येतील जवळ.’’

म्हणाले होते. वह्या तपासता तपासता, मान वर न करता.

‘‘तिथे ते मला प्लीज म्हणायचे,’’ ती म्हणाली. ‘‘थँक्यू म्हणायचे. एकीने लिहिलं होतं, तू आमच्या वर्गात असायला हवं होतंस. मग परवा त्याच मुलीने तिथे लिहिलं, आमच्या बाईंची शेपूट सगळं पाठ करते, पण तुझ्यासारखं समजावता नाही येणार तिला. खाली सगळे हसले. नंतर तू तहाचा मसुदा केलास.’’

मी खुर्ची ओढून बसले. मला तिचा राग येत होता, त्या तेवीस जणांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त, वर्गासमोर ती वही उंच धरणाऱ्या बाईचा येत होता.

‘‘पुरवणाऱ्यालाही तीच शिक्षा,’’ मी म्हटलं. ‘‘माहीत आहे ना? तुझंही वर्ष जाईल.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मी यादीत नाव घातलं नाही तर कुणाला कळणारही नाही.’’

तिने यादी स्वतःकडे ओढली. वरपासून खालपर्यंत एकेका नावावरून बोट फिरवलं आणि शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर थांबवलं.

‘‘इथे लिही, मावशी. त्यांच्याबरोबर माझं नाव अजून कशातच आलेलं नाही.’’

दोन वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं, असं हे पहिल्यांदाच. मी पेन घेतलं आणि चोविसावं नाव लिहिलं.