भिंतीपलीकडचे ठोके

दोघांच्या त्या छोट्या गेम कंपनीत भांडणाचा विषय एकच होता. नायिकेला शक्ती किती द्यायची?

गेम भीतीचा होता. साठीची एक बाई बंद पडलेल्या इस्पितळात अडकते. तिच्या मागावर काहीतरी आहे, आणि तिला भिंतीपलीकडून त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. ही कल्पना दोघांपैकी तिची, घरी नवरा-सासूबाईंसोबत राहणाऱ्या सुनेची. गोष्ट ती लिहायची, आणि तिचा कॉलेजपासूनचा मित्र, ज्याला सगळे गणित्या म्हणत, तो प्रोग्रामिंग करायचा.

"नुसतं ऐकून काय करणार ती?" गणित्या म्हणायचा. "दार उखडू दे तिला. लोक दिवसभर साहेबाची बोलणी खातात. संध्याकाळी तरी अंगात बळ येऊ दे त्यांच्या."

"दार उखडता आलं तर ती अडकली कसली? भूतच पळेल तिला घाबरून."

"आणि भिंतीतून ठोके ऐकते ते तुला खरं वाटतं?"

खेळून बघायला बोलावलेले लोकही खूश नव्हते. ठोके ऐकू आले की भूत कुठे आहे ते कळायचं, मग ते सरळ दुसऱ्या वाटेनं जायचे. एक जण तर जांभया देत खेळला.

नायिकेच्या श्वासांचं, दचकण्याचं रेकॉर्डिंग राहिलं होतं. ही गोष्ट घरी जेवताना निघाली, आणि सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. तरुणपणी त्यांनी नाटकांत कामं केली होती.

"घरात नटी असताना बाहेर शोधतेस?" त्या म्हणाल्या. "घाबरायचंच आहे ना? मी कशाला घाबरत नाही, म्हणून तर मला घाबरून दाखवता येतं."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. तसं दोघींचं जमायचं. म्हणजे दोघी एका खोलीत फार वेळ थांबायच्या नाहीत.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीचं सामान ठेवायचं कोठार. खिडकी नाही, चारी भिंतींना जाड फोम आणि तसंच जाड दार. हवेचा पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. फोनही बाहेरच ठेवायचे. गणित्यानं बाहेरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाला, "काकू, तुमचं चालू द्या. मी जेवून आलो."

सासूबाईंनी काम छान केलं. दचकल्या, धापा टाकल्या, एक हुंदका असा दिला की सुनेच्या अंगावर काटा आला. मग पाणी प्यायचं म्हणून त्यांनी दाराची मूठ फिरवली, आणि मूठ त्यांच्या हातातच आली.

"अगं, हे काय?"

सुनेनं मूठ परत बसवायचा प्रयत्न केला. आतला दांडा पलीकडे सरकला होता. भोकात बोट घातलं तर ते आत कशालाच अडकत नव्हतं.

"येईल तो आता," सून म्हणाली. "बसा आई."

त्या बसल्या नाहीत. "पंखा लाव."

"त्याचं बटण बाहेर आहे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एक हाक मारली, मग दुसरी. फोमनं दोन्ही गिळून टाकल्या. हवा पुरेशी आहे हे सुनेला ठाऊक होतं आणि तिनं तसं सांगितलंही. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि दारावर खांदा आदळला. पुन्हा आदळला. सून मनगट धरायला गेली, तर त्यांनी तिला असं झिडकारलं की ती माइकच्या स्टँडवर जाऊन पडली. भाजीची पिशवीसुद्धा दुसऱ्याकडे देणारी ही बाई! अंगात बळ आलं होतं हे खरं. पण दाराला त्याचं काय! ते तसूभरही हललं नाही. शेवटी खांदा धरून त्या खाली बसल्या आणि कण्हू लागल्या.

सुनेनं दाराला कान लावला. पावलं! कुणीतरी येत होतं. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं, ओरडली, आणि थांबून ऐकलं. पावलं अजून तशीच येत होती, पण जवळ येत नव्हती. मग तिच्या लक्षात आलं, ते तिचंच काळीज होतं.

तरी तिनं पुन्हा कान लावला, आणि पुन्हा फसली. इतकी वर्षं ती लोकांना घाबरवायचे बेत करत आली होती. आज डोक्यात एकही बेत नव्हता.

"मी घरात कधी कडी लावत नाही," मागून सासूबाई बोलल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "न्हाणीघराचीसुद्धा नाही. तू चिडतेस, मला कळतं. पण लावताच येत नाही गं मला. लहानपणापासून."

सुनेला खरोखरच त्याचा राग यायचा. ती जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांना इतकं जवळ तिनं कधी घेतलं नव्हतं.

"त्याला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे मुलाला.

"नाही सांगणार. सावकाश श्वास घ्या. माझ्याबरोबर."

पहिल्यांदा जमेना. मग जमलं, मग पुन्हा बिघडलं. किती वेळ गेला कोण जाणे. दोघींचे श्वास एका लयीत आले तेव्हा सुनेला जमिनीतून हलकासा धक्का जाणवला. बाहेरचं मोठं दार कुणीतरी लोटलं होतं. या वेळी शंका नव्हती. तिनं मूठ उचलली आणि दारावर हाणत सुटली.

गणित्यानं दार उघडलं तेव्हा सासूबाई त्याच्याकडे न बघता थेट रस्त्यावर गेल्या.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. गणित्यानं हेडफोन लावले आणि त्याचे डोळे विस्फारले. "अगं, हे सोनं आहे! असं कुणाला करता येणार नाही."

सुनेनं थोडं ऐकलं. त्याचं म्हणणं खरं होतं. तिलाही ते हवं होतं, इतकं की तिची तिलाच लाज वाटली. तिनं नाटकाचा भाग वेगळा जपून ठेवला आणि पुढचं सगळं पुसून टाकलं.

"वेडी आहेस का तू?" गणित्या ओरडला. "विचारायचं तरी त्यांना!"

"विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. नटी आहेत त्या."

बरेच दिवस तो कामापुरतंच बोलला. पण तिनं मांडलेला नियम त्यानं मन लावून बसवला. नायिका जितकी घाबरेल तितके तिचे स्वतःचे ठोके मोठे होतील आणि भिंतीपलीकडचे त्यात बुडतील. थांबून श्वास सावरला तरच पुन्हा ऐकू येईल, आणि थांबणं तर सगळ्यात अवघड. दाराचं त्यानं आपणहून घातलं. जीव खाऊन धडक मारता येते, पण हात दुखावतो आणि दार बंदच राहतं.

पुढच्या वेळी खेळायला आलेल्यांपैकी कुणी जांभई दिली नाही. एक मुलगी तर मध्येच उठून, पाणी पिऊन, परत येऊन बसली.

गेममध्ये सासूबाईंचा अभिनयच राहिला. तो चांगला आहे, सगळे नावाजतात. त्या खोलीत मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत, आणि सुनेनंही बोलावलं नाही. घरी त्यांच्या दुखऱ्या खांद्याला रोज रात्री मलम ती लावते. दार उघडं ठेवून. काय झालं म्हणून नवऱ्यानं एकदा विचारलं, तेव्हा दोघींनी दोन वेगळी कारणं सांगितली, आणि तो गोंधळून एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला.