चार घड्यांची चिठ्ठी

“अहो रावजी, पुस्तक कसलं पाहिजे ते तरी सांगाल की नाही?” वेणीमाधवपंत म्हणाले.

मी टोपी हातात घेऊन उभा होतो. वाचनालयात स्वतःसाठी पुस्तक मागायची माझी ही पहिलीच वेळ. तीन वर्षं मी दर शनिवारी इथं येत होतो, पण ते बायकोसाठी. अनसूयेनं वाचलेलं पुस्तक परत द्यायचं, त्यात तिनं घातलेली चिठ्ठी पंतांच्या पुढं ठेवायची आणि ते देतील ते पुस्तक काखेत मारून घरी न्यायचं, एवढंच माझं काम. तिचं माहेर वैरागचं, शाळा चौथीपर्यंत झालेली. मी अक्षराला अक्षर लावून वाचणारा.

“मन लागत न्हाय पंत,” मी म्हणालो. “सकाळी उठवत न्हाय. असं झालेल्या माणसानं काय करावं, ते कुणी लिवलं असंल तर द्या.”

पंतांनी चष्मा काढला. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

मी गिरणीच्या बॉयलरखान्यात कामाला. भोंगा द्यायचं काम माझ्याकडं. दिवस उजाडायच्या आधी पहिला भोंगा द्यायचा. साखळी ओढायची, मनात शंभर अंक मोजायचे आणि मग सोडायची. या सालापर्यंत एकवीस वर्षांत खाडे सात, त्यांतले तीन मुलीच्या लग्नाचे. मुलगी दुधनीला दिली, ती सुखात आहे. म्हणजे तसं बघितलं तर आमच्या घरात दुःख करावं असं काही नव्हतं.

तरी अनसूया दोन वर्षं उठेनाशी झाली. मी दुपारी जेवायला घरी यायचो तर अंथरूण तसंच. चूल थंड. एकदा मी दारात उभा राहून मोठ्यानं बोललो होतो, शेजारच्या ईरम्माला ऐकू जाईल असं. “सगळं सोलापूर माझ्या भोंग्यावर उठतंय, आन माझ्याच घरात माणूस लोळतंय. लोकं शेण घालतील की माझ्या तोंडात!”

“उठते,” ती म्हणाली. उठली, भाकरी केली. स्वतः खाल्ली नाही. मी नखरा समजलो.

माघात तिला ताप आला. आठ दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले, अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं.

तिचे दिवस झाले, मी कामावर गेलो. महिनाभर सगळं नीट चाललं. मग एके दिवशी जाग आली आणि उठता आलं नाही. दुखत काहीच नव्हतं. हात माझे होते, पाय माझे होते, पण ते माझं ऐकत नव्हते. पडल्या पडल्या भोंगा झाला. माझ्या जागी आमच्या खात्याच्या गुरुबसप्पानं दिला असणार. असा अंथरुणात पडून मी तो एकवीस वर्षांत कधी ऐकलाच नव्हता. फळीवरची भांडी वाजली. भिंत वाजली. छातीवर कुणीतरी येऊन बसावं तसं झालं, आणि तो संपेचना. मी मोजत होतो. शंभर म्हणजे किती असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

असे पाच दिवस गेले. ईरम्मा भाकरी ठेवून जायची आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून न्यायची. “अण्णा, कालची बी तशीच हाय की. माझ्या हाताला इख-बिख लागलंय काय? न्हाय तर सांगा, म्हशीला तरी घालते.” शनिवारी गुरुबसप्पा आला. उंबऱ्यावरच बसला.

“सोमवारी ये बाबा. मी साहेबाला ताप म्हणून सांगितलंय. सोमवारी न्हाय आलास तर दुसरा माणूस घेणार हायत. पोटाचं काय करशील?”

तो गेल्यावर मी उठलो, अंगरखा घातला आणि वाचनालयात आलो. का आलो ते सांगता येत नाही. शनिवार होता. पायांना तोच रस्ता ठाऊक होता.

पंतांनी रजिस्टर उघडलं. “अनसूयाबाई रावजी,” त्यांनी पान काढलं. पंतांना कागद वाया गेलेला खपत नसे. सभासदाच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला ते दिलेल्या पुस्तकाचं नाव लिहीत आणि ती चिठ्ठी पानाला चिकटवलेल्या पाकिटात ठेवत. त्यांनी ते पाकीटच माझ्यापुढं सरकवलं.

“तुम्ही आज जे मागितलंत, ते बाई दोन वर्षं मागत होत्या.”

मला समजलं नाही.

“तुम्ही वाचल्या नाहीत?”

“न्हाय. बायकांच्या चिठ्ठीत काय बघायचं?”

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठी तुमच्याच हातून यायची.” त्यांचा आवाज खाली गेला. “मी तरी कधी विचारायला हवं होतं.”

चिठ्ठ्या सगळ्या चार घड्यांच्या. मी बाकावर बसलो आणि एकेक उलगडली. अक्षर वळणदार होतं, म्हणून मला वाचता आलं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मन उदास असते, त्यावर पुस्तक असल्यास द्यावे.’ पंतांनी व्रतांचं पुस्तक दिलं होतं. मग घरगुती औषधांचं. मग गोष्टींचं. एका चिठ्ठीत होतं, ‘गोष्टी वाचल्या. यातील बायकांना दुःखाला कारण आहे. मला कारण सापडत नाही.’

शेवटच्या चिठ्ठीवर पौषातली तिथी होती. ‘भोंगा ऐकू येतो. अंग उठत नाही. यांना आळस वाटतो, त्यात यांची चूक नाही. अशा माणसाने दिवस कसा काढावा, एवढेच लिहिलेले पुस्तक असल्यास द्यावे.’

ही चिठ्ठी पुस्तकातून पडू नये म्हणून मी टोपीत घालून आणली होती. वाटेत पान खाल्लं होतं, तेही आठवलं.

पंत कपाटाशी गेले. एक पातळ पुस्तक घेऊन आले. “ही चिठ्ठी वाचून मी पुण्याला पत्र टाकलं. कुणा डॉक्टरांनी लिहिलंय. आलं तेव्हा बाई गेलेल्या होत्या. तेव्हापासून कुणी हात लावला नाही.”

पुस्तकाची पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. पंतांनी सुरी दिली. मी एक पान कापायचो, वाचायचो, मग पुढचं. दिवे लागायची वेळ झाली तरी आठच पानं झाली. मोठा उपाय काही नव्हता. लिहिलं होतं, हा आळस नव्हे, आजार आहे. सगळा दिवस एकदम उचलू नये. तोंड धुवावे, मग थांबावे. दोन घास खावे, मग थांबावे. आणि घरच्यांसाठी लिहिलं होतं, रोग्यास ‘ऊठ’ म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे.

ते पान मी पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

“नावावर लिहू ना?” पंतांनी विचारलं.

“लिवा. पण तिच्याच पानावर लिवा.”

त्यांनी तसं लिहिलं.

घरी येऊन मी तोंड धुतलं. थांबलो. ईरम्माच्या भाकरीतले दोन घास खाल्ले. रविवारी चार खाल्ले. ईरम्मा रिकामी ताटली घेऊन बराच वेळ दारात उभी होती, आणि त्या दिवशी ती म्हशीचं काही बोलली नाही.

सोमवारी मी बॉयलरखान्यात पोचलो. गुरुबसप्पानं नुसती मान हलवली. वेळ झाली तशी मी साखळी ओढली. गावातली घरं डोळ्यांपुढं आली. बहुतेक घरांत माणसं उठत असणार. एखाद्या घरात कुणी भिंतीकडं तोंड करून पडलेलं असणार, भांडी वाजत असणार.

चाळीसला मी साखळी सोडली.

“काय रे रावजी? अर्ध्यावरच सोडलास?” गुरुबसप्पा म्हणाला.

“वाफ कमी हाय.”

त्यानं वर वाफेच्या दाबाच्या घड्याळाकडं पाहिलं. काटा आपल्या जागी होता. गुरुबसप्पानं माझ्याकडं पाहिलं, मग फावडं उचललं आणि कोळसा टाकायला लागला.