बारा जण, चौदा दिवस

प्रतीक्षानं वडिलांसाठी केलेलं ॲप त्यांनी पहिल्याच दिवशी खाटेखाली टाकलं. म्हणजे फोनच टाकला. खाली गोधडी होती म्हणून काच वाचली. केशवरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दारात उभी असलेली पार्बताबाई लेकीला म्हणाली, "राहू दे व बाई. त्याहिले नाई आवडलं."

केशवराव नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातले. तीन एकरांत शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेनं भाजी. तीस वर्षं अमरावतीच्या फुलबाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली होती. बोलणं हाच त्यांचा अर्धा धंदा. गिऱ्हाईक लांबून दिसलं की हाक मारायची, आणि ते जवळ येईपर्यंत त्याच्या सासुरवाडीची चौकशी करून मोकळं व्हायचं. गेल्या पोळ्याच्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि त्याच्यासोबत बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं, आठवतंही. नेमका शब्द तेवढा हाती लागत नाही. तोंडातून एकच आवाज निघायचा, "ता, ता." तीन-चारदा तो काढला की ते स्वतःवरच चिडायचे आणि गप्प व्हायचे.

प्रतीक्षा अमरावतीत एका छोट्या कंपनीत मोबाइल ॲप बनवायची. मिठाईच्या दुकानाचं, शिकवणी वर्गाचं, असली कामं. वडिलांसाठी ॲप करायचं तिनं मनावर घेतलं आणि चार महिने सुट्टीचे दिवस त्यात घातले. कल्पना साधी होती. पडद्यावर चित्रं, पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की फोन म्हणणार, "मला पाणी हवे आहे." औषध, संडास, झोप, दुखतंय, अशी चोवीस चित्रं. आवाज फोनमधलाच, यंत्राचा.

तो टाकलेला फोन तिनं उचलला तेव्हा तिला वाटलं, चूक चित्रांत असेल. पेला काचेचा, पलंग परदेशी. बाबांना ते आपलं वाटलं नसेल. मग तिनं घरातला तांब्या, बाजेवरची चादर, परसातलं न्हाणीघर यांचे फोटो काढून घातले. बाबांचा डावा अंगठा थरथरायचा, एकदा दाबताना दोनदा लागायचा आणि फोन तेच वाक्य दोनदा बोलायचा. तिनं एका सेकंदात आलेला दुसरा स्पर्श मोजायचाच नाही, असं करून टाकलं. एका पानावर सहाच चित्रं ठेवली, मोठी. केशवरावांनी तेही पाहिलं, दोनदा बोट ठेवलं आणि फोन बाजूला सारला. पण या वेळी टाकला नाही, एवढ्यावर तिनं समाधान मानलं.

दर मंगळवारी ती त्यांना बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला न्यायची. तिथल्या एका दवाखान्यात सीमा मॅडम बोलण्याचे व्यायाम घेत. त्यांनी ॲप पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे असे कितीतरी पेशंट येतात. हे सगळ्यांना मिळालं पाहिजे."

स्टोअरवर ॲप चढवणं म्हणजे किती दारं ठोठावावी लागतात हे प्रतीक्षाला ठाऊक होतं, पण आजवर ते काम कंपनीच्या नावानं व्हायचं. स्वतःच्या नव्या खात्याला नियम वेगळा होता. आधी किमान बारा जणांनी ते ॲप सलग चौदा दिवस आपल्या फोनमध्ये ठेवून वापरायचं, मगच सगळ्यांसाठी खुलं करण्याचा अर्ज. तिनं कॉलेजातल्या मैत्रिणी, ऑफिसातले सहकारी, मामेभाऊ असे अकरा जण जमवले. बारावे बाबा. पंधराव्या दिवशी अर्ज टाकला. उत्तरात दोन गोष्टी होत्या. वर्णनात तिनं हौसेनं लिहिलं होतं, "लकव्यावर उपाय". असा दावा करता येत नाही, तो काढा. आणि दुसरी, तुमच्या बारा परीक्षकांनी ॲप खरोखर वापरलेलं दिसत नाही.

पहिली गोष्ट तिनं तिथल्या तिथे मान्य केली आणि लिहिलं, "बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रं आणि आवाज". दुसरीनं मात्र तिचं डोकं फिरलं. चौदा दिवस फोनमध्ये ठेवलं ना सगळ्यांनी, आणखी काय पाहिजे? रागारागात तिनं वापराचे आकडे उघडले. अकरा जणांनी ॲप एकदाच उघडलं होतं, पहिल्या दिवशी, तिच्या भिडेखातर. बाबांनी तीनदा. सगळ्यांत जास्त वेळ चाळीस सेकंद. स्टोअरनं खोटं काही लिहिलं नव्हतं.

त्या रविवारी ती गावी गेली, तर उत्तमराव भेटायला आलेले. फुलबाजारात केशवरावांच्या शेजारी बसणारे ते तीस वर्षांचे जोडीदार. ते खाटेजवळ बसले, पण बोलावं काय ते त्यांना सुचेना. एकट्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि विचारलं, "हेच काय तुयं ॲप?"

"हो काका. दाबून पाहा."

उत्तमरावांनी एकेक चित्र दाबलं. मला पाणी हवे आहे. मला औषध हवे आहे. मला झोपायचे आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "हे बातम्या देनाऱ्या बाईवानी बोलते. अन् पोरी, राग नको मानू, पानी पायजे हे तर तो हातानंच सांगते. तुयी माय न सांगता देते. त्याच्यासाठी फोन कायले लागते?"

"मग काय पाहिजे काका?"

"त्याले मांगाचं नाई हाय. त्याले बोलाचं हाय." उत्तमरावांनी केशवरावांकडे पाहिलं. "मी येऊन बसलो तवापासून त्याच्या मनात हाय, का बाजारात शेवंतीचं काय चालू हाय, अन् मी वाळून काहून गेलो. हाय का नाई गा?"

केशवरावांनी होकाराची मान हलवली. मग डोळे पुसले, डाव्याच हातानं.

प्रतीक्षानं वही आणली. चार महिन्यांत हा प्रश्न तिनं बाबांना एकदाही विचारला नव्हता. पेशंटला काय लागतं ते वाचून तिनं यादी केली होती. आता उत्तमराव सुचवत गेले आणि केशवराव मानेनं ठरवत गेले. "काय म्हणते बाजार?" "काहून आला नाई इतके दिवस?" "लेकरं कशी हायेत?" "बस ना, घाई काय हाय." "फेकू नको बे." शेवटच्यावर केशवराव हसले, वाकड्या ओठानं, पण आवाज काढून. पार्बताबाई चुलीपासून उठून पाहायला आली.

आवाज कुणाचा, हाही प्रश्न होताच. प्रतीक्षानं स्वतःच्या आवाजात ऐकवलं, केशवरावांनी मान डोलावली नाही. पार्बताबाई तर लाजूनच मागे सरली. मग उत्तमरावांनी फोन तोंडाशी धरला आणि बाजारात बोलतात तसं बोलायला सुरुवात केली. केशवरावांनी अंगठा वर केला.

दीडशेच्या वर वाक्यं झाली. हौसेनं उत्तमरावांनी ते ॲप स्वतःच्या जुन्या फोनमध्ये घेतलं, तर ते उघडताक्षणीच बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. ज्याचा आवाज, त्याच्याच फोनात चालेना. प्रतीक्षानं दोन दिवस खपून कारण शोधलं. ॲप सुरू होताच सगळे आवाज एकदम मेमरीत काढून ठेवत होतं आणि जुन्या फोनला तेवढा भार पेलत नव्हता. जे चित्र दाबलं त्याचाच आवाज काढायचा, असा बदल तिनं केला. शिवाय प्रत्येक घराला आपल्या माणसाचा आवाज भरता यावा म्हणून सोय केली. त्यासाठी फोनचा माइक लागत होता, म्हणून तो आवाज कुठे पाठवला जात नाही, फोनातच राहतो, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून जोडलं.

या वेळी तिनं मैत्रिणींना विचारलं नाही. सीमा मॅडमनी अकरा घरं सांगितली, अकोला, पातूर, अंजनगाव सुर्जीकडची. बाबा धरून नेमके बारा. प्रत्येक घरी फोन करून तिनं ॲप घ्यायला लावलं, कुणाकडे स्वतः जाऊन आवाज भरून दिला.

नवव्या दिवशी त्या अकरांतल्या पातूरच्या घरून, केशरबाईंच्या सुनेचा फोन आला. ॲप वापरणारे तिचे सासरे सकाळीच वारले होते. प्रतीक्षा म्हणाली, "ताई, तुम्ही ॲपचं काही मनावर घेऊ नका. काढून टाका."

पलीकडून सून म्हणाली, "पाच दिवस राह्यले ना तुमचे? मॅडम सांगत होत्या, बारा लोक लागतात म्हणून. राहू द्या. आत्याबाई तसंबी काढू देत नाहीत. मामंजी रोज त्यात 'चाय झाला काय' दाबत. त्या ते लावून ऐकून राह्यल्या."

प्रतीक्षानं फोन ठेवला आणि ऑफिसच्या गच्चीवर जाऊन उभी राहिली. बारा हा आकडा तिनं आतापर्यंत कितीदा मोजला होता. त्या दिवशी पुन्हा मोजावासा वाटला नाही.

चौदा दिवस झाले. अर्ज गेला आणि आठवड्याभरात मंजूर झाला. फार गाजावाजा झाला नाही. पहिल्या महिन्यात दीड-दोनशे लोकांनी ॲप घेतलं. पहिला अभिप्राय आला तो पाचांपैकी एकाच चांदणीचा. कुणीतरी लिहिलं होतं, "सगळं गोड गोड आहे. माझ्या वडिलांना रागावता येत नाही."

ऑफिसात तो वाचून तिला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं. रविवारी ती बाबांच्या खाटेपाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, रागाचं पान करायचं आहे. काकांच्या आवाजात वाक्यं भरून आणलीत. मी वाचते, ठेवायचं का ते हो-नाही दाबा."

"मले एकट्याले राहू द्या." केशवरावांनी विचार करून 'हो' दाबलं.

"मायासंगं लहान लेकरावानी बोलू नका." लगेच 'हो'.

आणखी सात-आठ झाली. तरी त्यांचं समाधान होईना. ते डावा हात खिडकीकडे करत होते. बाहेर विहिरीजवळच्या तुकड्यात सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. दरवर्षी तिथे शेवंती असायची. या वर्षी हात कमी म्हणून पार्बताबाईनं तो तुकडा दिराला, चंद्रभानला, सोयाबीनसाठी दिला होता. पेरणी झाली तेव्हा केशवराव याच खिडकीतून पाहत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बोलता येत नाही त्याला काय विचारायचं, असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. विचारायचंच राहून गेलं होतं.

प्रतीक्षा थांबून म्हणाली, "मले इचारल्याबिगर ठरवू नका?"

केशवरावांनी 'हो' दाबलं आणि अंगठा तिथेच ठेवला.

पार्बताबाई लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. उठून ती खाटेच्या काठावर येऊन बसली. लेकीसमोर अवघडल्यासारखं झालं तिला, पण तिनं विचारलं, "मंग सांगा. सोयाबीन निंगालं का शेवंती लावाची काय?"

केशवरावांनी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं. मग दाबलं, "नाई."

"बरं. हरबरा?"

"नाई."

"झेंडू?" नाही. "कोबी?" नाही. ती एकेक पीक बोलत गेली आणि उत्तमरावांचा आवाज नकार देत गेला. गुलछडीवर अंगठा थांबला.

"हो."

"गुलछडीले पानी किती लागते ठाव हाय ना? विहीर मार्चातच आटते. अन् तोडाले मानसं कुठून आनाची?"

केशवरावांनी रागाचं नवं पान शोधलं आणि दाबलं, "मायासंगं लहान लेकरावानी बोलू नका." मग दुसरं वाक्य. पार्बताबाईचा आवाजही चढला. प्रतीक्षानं सोललेल्या लसणाचं भांडं उचललं आणि ती आत निघून गेली. वर्षभरात त्या दोघांचं पहिलंच भांडण चाललं होतं, आणि ते लवकर मिटेल असं दिसत नव्हतं.