दाराशी काढलेल्या चपला

त्याला मी बुटक्या म्हणतो, तो मला रेडा. अठरा वर्षं आम्ही जोडीने लिफ्ट दुरुस्त करतोय. त्याचा देव वेगळा, माझा वेगळा, त्यावरून कधी काही अडलं नाही. पण या निवडणुकीत पक्षावरून असं फाटलं की तीन आठवडे एकमेकांशी चकार शब्द नाही. वाटेल ते मीच बोललो होतो. 'तुमच्यासारखे लोक' असं तोंडातून गेलं माझ्या. जीभ झडायला हवी होती.

काम मात्र चालू होतं. लिफ्टच्या बोगद्यात हाक नुसती घुमते, शब्द कळत नाही, म्हणून आम्ही पान्याने लोखंडावर ठोकतो. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे थांब. आणि वर चढणाऱ्याने चपला खालच्या दाराशी काढायच्या. चपला दिसल्या की वॉचमन मेन स्विचला हात लावत नाही. कारण लिफ्ट सुरू झाली तर तिच्या टपावर बसलेला माणूस छताला चिरडणार.

त्या दिवशी बुटक्या टपावर होता, मी खाली. बाजारात त्याच्या लोकांच्या दुकानांची जाळपोळ सुरू झाल्याचं मला सकाळीच कळलं होतं. त्याला सांगितलं नाही. का? तर आधी मी बोलायचं नाही! काय म्हणावं या गाढवाला!

भर दुपारी माझा मेहुणा सात-आठ जणांना घेऊन आला. हातात सळया.

"भावजी, तुमचा तो जोडीदार कुठाय?"

"आज आलाच नाही."

"मग ह्या चपला?"

"माझ्या." मी अनवाणीच होतो. पाय कसेबसे आत कोंबले आणि दोन पावलं चाललो.

तेवढ्यात वॉचमनने बघितलं, दाराशी चपला नाहीत. "झालं वाटतं काम? करू चालू?" त्याचा हात स्विचकडे गेला.

वर माणूस आहे म्हणावं तर हे त्याला मारणार, गप्प बसावं तर लिफ्ट मारणार.

"अरे थांब, थांब! झालं कुठं? मीच चाललोय वर!" मी चपला पुन्हा दाराशी काढल्या आणि बोगद्यातली शिडी धरली.

"या जाऊन," मेहुणा स्टूल ओढून बसला. "आम्ही थांबतो."

टपावर पोचलो आणि बुटक्याशेजारी बसलो. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"चुकलो रे मी. सळया घेऊन आलेत. तुला शोधतायत."

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. "आणि माझ्या घरचे?"

मला रडू फुटलं. मला कुठं माहीत होतं?

खालून मेहुण्याची हाक आली. तो शिडीपाशीच उभा असणार, शब्द न् शब्द कळला.

"भावजी! ह्या तर तुम्हाला चार बोटं लहान आहेत!"

बुटक्याने माझं मनगट घट्ट धरलं. शिडीवर पाय वाजला, मग आणखी एक. मी त्याला पाठीशी घातलं, पाना उचलला आणि लोखंडावर दोनदा ठोकलं. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. वर येणारे पाय थांबले नाहीत.