मी नवऱ्याच्या नावाने उघडत नाही

मी सेंट लॉरेन्स नदीकाठच्या एका लहान, फ्रेंच बोलणाऱ्या गावातल्या चर्चची नोंदवही बोलतेय. आधीच सांगून ठेवते, मी हट्टी आहे.

माझा जन्म जुळ्यांचा. फादर प्रत्येक नोंद दोनदा लिहीत, एकदा माझ्यात आणि एकदा माझ्या बहिणीत. वर्ष सरलं की तिच्या पानांची रवानगी कोर्टात व्हायची. मी मात्र इथेच राहिले, मेणबत्त्यांच्या कपाटात.

बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं माझ्यात आहे. बाई लग्न करो, दहा पोरं जन्माला घालो, विधवा होऊन मरो, माझ्या पानांवर ती बापाच्याच आडनावाने राहते. बाहेर काय चालतं ते मला ठाऊक आहे. चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिची ‘मादाम अमका’ झालेली असते. उतरू देत पायऱ्या. माझ्यात खाडाखोड होत नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात सत्त्याऐंशी वर्षांच्या एक्झिल्दाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. सोबत त्यांचा मुलगा फेर्नां होता आणि नात लोरेन. लोरेनच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. ती कमी बोलायची, बघायची फार.

गुरुवारी दगड कोरणारा येणार होता. नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या नावाखालची जागा एक्झिल्दाबाईंसाठी मोकळी ठेवलेली होती.

“‘ओविला गान्येची पत्नी’ एवढं बास झालं,” फेर्नां म्हणाला. “आई, गावात तुला दुसऱ्या नावाने ओळखतं कोण?”

“सत्तर वर्षं मादाम ओविला म्हणून हाकेला ओ दिली. मातीत जाताना मी बापाच्या आडनावाने, सांसुसी म्हणून जाणार.”

फादरांनी चष्मा पुसला. “वहीत असेल तेच नाव दगडावर. लोरेन, आधी हात धू बाळ, मेपलचा पाक लागलाय.”

तिच्या जन्मसालाचे, अठराशे नव्वदचे, सगळे बाप्तिस्मे चाळून झाले. एकही सांसुसी सापडला नाही.

फेर्नां खो खो हसला. “आई, तू तर जन्मलीच नाहीस!”

“मग तुला कोणी जन्म दिला रे? ओविलाने?”

फादरही हसले. म्हातारी मात्र माझ्या पानांवर आणखी वाकली. सापडलं नाही, तर दगडावर ती नुसतीच कुणाची तरी बायको उरणार होती.

ही चूक आमच्याच लोकांची. इथे एकेका घराला दोन आडनावं. कुणी पूर्वज फ्रान्सहून शिपाई म्हणून आला, पलटणीत त्याला टोपणनाव मिळालं आणि ते पोरांनाही चिकटलं. मग एक फादर हे लिहिणार, दुसरे ते.

लोरेनने माझी पानं दोन वर्षं मागे उलटली आणि आजीच्या आईबापांचं लग्न काढलं. ‘झोझेफ लव्हासर, ऊर्फ सांसुसी.’ मग ती पुन्हा पुढे आली. सप्टेंबर, डावं पान: ‘एक्झिल्दा लव्हासर.’

“ही बघ आजी. जन्मली आहेस.”

म्हातारीने बोट ठेवलं. फादर या वेळी हात धू म्हणाले नाहीत.

“मग आता यातलं कुठलं कोरायचं?” फेर्नांने विचारलं.

“दोन्ही. जागा पुरत नसेल तर ओविलाला जरा वर सरकवा.”

गुरुवारी दोन्ही कोरली गेली. चार वर्षांनी फादरांनी नव्या वहीत त्यांची दफनाची नोंद केली तीही दोन्ही नावांनी. त्या वहीला माझंच वळण आहे.

आता मी शहरातल्या अभिलेखागारात असते. शिवण उसवली आहे, कडा भुरभुरतात. लोक पणजीला शोधत येतात आणि मागतात ‘मादाम अमक्यांना’. मी गप्प बसते. तिचं नाव विचारून या. माहीत नसेल तर तिच्या आईबापांचं लग्न शोधा. तेवढे कष्ट तिच्यासाठी कराच.

त्या दिवशी निघताना लोरेनने चर्चच्या भेट-वहीत सही केली होती. नव्यानेच शिकलेलं नवऱ्याचं आडनाव लिहिलं आणि लगेच खोडलं.

माझ्यात खाडाखोड चालत नाही. तिथली ती खाडाखोड मात्र मला फार आवडली.