मिथिलेच्या दारात विठ्ठल

रामनवमीच्या दुपारी सिंगापूरला यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकखाली शेजारच्या तेलुगू मंडळींनी सीताकल्याण, म्हणजे रामसीतेचं लग्न, मांडलं होतं. त्यांच्यातल्या श्रीनिवासचे वडील सुब्बरामय्यागारू म्हणजे आंध्रात गोदावरीकाठी जन्मभर हरिकथा सांगितलेले हरिदास. पण बायको गेल्यापासून त्यांनी पायात घुंगरू बांधले नव्हते. कथेत त्यांनी "गोविंदो" अशी हाक घातली की समोरून "हरि" यायला हवं. ते ती माउली पहिल्या रांगेतून म्हणायची.

"नान्ना कथा के लिए मान गये," श्रीनिवास मला आदल्या दिवशी वडिलांबद्दल म्हणाला होता, "लेकिन कहते हैं, तीन बार बुलाऊँगा. कोई नहीं बोला, तो घुंगरू हमेशा के लिए उतार दूँगा."

"मग सांगून ठेवू की सगळ्यांना!"

"ना मेधाजी. सिखाया हुआ 'हरि' नहीं चाहिए उनको."

पानकम, म्हणजे गुळाचं पन्हं, वाटून झालं आणि म्हातारबुवा घुंगरू बांधून उभे राहिले. मला तेलुगू येत नाही, पण कीर्तनात वाढलेल्या कानाला कथा कळते हो. ब्लॉकच्या खांबांमधून मिथिला उगवली. लिफ्टचं दार उघडलं, त्यातून करवल्या उतरल्या.

"गोविंदो!"

सगळे इंजिनिअर कॅमेरे धरून गप्प.

"गोविंदो!"

श्रीनिवासनं मान खाली घातली. माझी श्रिया सिंगापुरी सुरात कुजबुजली, "आई, अंकलला वॉटर पाहिजे, लाह."

मी कुठली तिथे! मी मिथिलेत तोरण बांधत होते. तिसरी हाक फार लांबून आली आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "हरि विठ्ठल!"

एकच हशा. आमचे हे, निशिकांत, म्हणाले, "अगं, लग्न रामाचं आहे!"

सुब्बरामय्यागारू थांबले. वाकले. हात पायातल्या घुंगरांकडे गेला, मला वाटलं, सोडलेच. पण त्यांनी बोटं जमिनीला लावून कपाळी नेली आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "ओहो! पांडुरंगडु!"

आणि कथाच वळली. श्रीनिवास हसत, डोळे पुसत मला अर्थ सांगत होता: बोलावणं नसताना एक सावळा पाहुणा आलाय, दारातच अवघडून उभा आहे.

"गोविंदो!"

"हरि!" पोरांसकट अख्खा ब्लॉक ओरडला.

तेव्हा जनकराजा पुढे झाला. त्यानं पाहुण्याचा कमरेवरचा एक हात हळूच सोडवून आपल्या हातात घेतला आणि त्याला वऱ्हाडात नेऊन बसवलं.