खुणेचं झुडूप

"उतरतेस, की दार उघडून तुला पोत्यासारखी ओढून काढू?" बर्निसने पिकअपचं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"बसू दे जरा. गुडघा आखडलाय."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. आरशात तोंड बघ. दात उपटायला आणल्यासारखं झालंय. अगं, म्युझियम आहे ते! आत जुन्या टोप्या आहेत आणि पेंढा भरलेला एक घोडा. चावत नाही तो."

बर्निस पन्नास वर्षं माझी शेजारीण. तिला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं, फक्त एक गोष्ट सोडून. आणि तीच गोष्ट आत, एका पत्र्याच्या डब्यात, गुंडाळून ठेवलेली होती.

नेडीन रडचं पत्र नऊ दिवसांपूर्वी आलं होतं. म्युझियम तीच चालवते. पूर्वी तिथे ट्रॅक्टरचं दुकान होतं. पत्रात तिने लिहिलं होतं की एका वारलेल्या कॅमेरामनच्या गॅरेजात फिल्मचे डबे सापडले आहेत. त्यातल्या एकात माझ्या बाबांच्या घोड्यावरून पडण्याचं चित्रण आहे. शनिवारी दोन आणि चार वाजता दाखवणार आहोत. तुम्ही त्या सिनेमावर काम केलं होतं, तेव्हा जरूर या आणि चेहरे ओळखून नावं सांगा.

ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे लपवलं. एकटीच राहते, तरी लपवलं. बर्निसला तिचं स्वतःचं पत्र आलं नसतं तर मी गेलेच नसते.

आमच्या गावात तेव्हा दर उन्हाळ्यात सिनेमावाले यायचे. डोंगराच्या पायथ्याशी जे गोल गोल खडक आहेत ना, तिथे काउबॉय सिनेमे व्हायचे. अख्खं गाव त्यांत काम करायचं. माझे वडील सात सिनेमांत मेले. दोनदा तर एकाच सिनेमात मेले, एकदा दाढी लावून आणि एकदा काढून. आई रविवारी चर्चमध्ये त्यांना म्हणायची, "नीट ताठ बसा, काल कडेलोट झालाय तुमचा." किती हसायचो आम्ही!

एकोणीस वर्षांची असताना मलाही काम मिळालं. हातात झाडू आणि एक कागद. दोन चित्रणांच्या मधे वाळूवरचे पायाचे आणि टायरचे ठसे झाडून टाकायचे आणि जमीन सकाळी होती तशी करायची. कागदावर सकाळच्या दृश्याचं रेखाटन असायचं. कुठला दगड कुठे, कुठलं झुडूप कुठे. दुपारी त्यात एकही काडी कमी-जास्त दिसता कामा नये.

नेडीनचा बाप, क्लेल रड, पडण्याचं काम करायचा. पडायला शिकवलेला घोडा असतो. भरधाव असताना लगाम एका अंगाला ओढला की तो कुशीवर पडतो, वर बसलेलाही पडतो आणि लोकांना वाटतं गोळी लागली. त्यासाठी आधी जमीन खणून, दगड वेचून, खड्ड्यात भुसा आणि वाळू भरतात. वरून साधी माती पसरतात, म्हणजे कॅमेऱ्याला कळत नाही. पण मग घोड्यावरच्यालाही कळत नाही. म्हणून पडणारा माणूस तिथे स्वतःच्या हाताने एक खूण ठेवतो. खुणेबद्दल कुणाशी बोलत नाही. बोललं तर अपशकुन होतो, अशी त्या लोकांची समजूत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी उतारावर झाडत होते. तिथल्या रानात सगळीकडे उगवतं तसलं सेजचं एक करडं झुडूप दिसलं. ते कागदावर नव्हतं. मी धरून ओढलं, तर ते अलगद हातात आलं. त्याला मुळं नव्हती. मुळं नसलेलं झुडूप जमिनीत उभं कसं, एवढा विचार मी तिथे थांबून करायला हवा होता. मला वाटलं, कुणीतरी माझी चेष्टा केलीय. मी ते ट्रकमागे टाकलं.

क्लेलने खूण शोधली. तिथून वीसेक पावलांवर दुसरं झुडूप होतं, मुळं असलेलं. त्याने तिथे लगाम ओढला. तिथे दोन बोटं मातीखाली खडक होता.

एवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. पण सगळे त्याच्याकडे धावले तेव्हा मी ट्रककडे धावले. ते झुडूप घेतलं आणि जिथून काढलं तिथे परत रोवलं. कुणी पाहिलं नाही.

नंतर कंपनीची माणसं आली. त्यांना खूण जागच्या जागी दिसली. क्लेलने जेवताना एक बिअर घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मग आणखी काय विचारायचं? अकरा महिने तो प्लास्टरमध्ये होता. त्यानंतर त्याला कुणी घोड्यावर बसवलं नाही. गावाने त्याचं नाव बाटली-क्लेल ठेवलं.

"चल," बर्निस म्हणाली. "कॉफी संपायच्या आत."

आत लांब टेबलावर जुने फोटो मांडलेले होते आणि प्रत्येकाखाली कागदाची पट्टी. ज्याला जो चेहरा ओळखू येईल त्याने त्याचं नाव लिहायचं, अशी तिथली रीत आहे. अकरा-बारा म्हातारी माणसं चष्मे सरसावून वाकली होती.

"हा कोण? माझा मेव्हणा ना?"

"तो घोडा आहे, ठोंब्या. मेव्हणा शेजारी."

 मी हात पर्सखाली घेतले. नेडीन समोरून आली. एकसष्ट वर्षांची, बापासारखीच लांब हातापायांची. तो पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती.

"मिसेस प्रेविट! तुम्ही आलात, बरं वाटलं. बाबा तुमची आठवण काढायचे."

"माझी? कशाला?"

"म्हणायचे, आख्ख्या गावात ती एकच बाई मला त्या नावाने हाक मारत नाही."

मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हते. तो पेट्रोलपंपावर कामाला होता आणि मी सतरा मैलांवरच्या गावात जाऊन पेट्रोल भरायचे. माझा नवरा म्हणायचा, तुझं डोकं फिरलंय. एकदाच, बर्फ पडत होता आणि टाकी कोरडी होती म्हणून क्लेलच्या पंपावर थांबले. तो लंगडत आला. न सांगता काच पुसली, चारी कोपरे नीट पुसले. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "पाय दुखतो का थंडीत?"

"दुखतो थोडा. कुणाला बोल लावणार, बाई? खूण होती तिथेच होती. मीच चुकलो."

तेव्हा मी काच वर केली आणि निघून गेले. त्यालाही आता तीस वर्षं झाली. तो जाऊनही सहा वर्षं झाली.

दोन वाजता नेडीनने पडदे ओढले. आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो. मला दार कुठे आहे ते पाहून ठेवायचं होतं, पण अंधारात दिसेना. 

पडद्यावर आमचा उतार आला. रंग नव्हते, आवाज नव्हता. डाव्या कडेला, अगदी काठावर, झाडू घेतलेली एक मुलगी क्षणभर दिसली आणि चौकटीबाहेर गेली.

"ती कोण गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"असेल कुणाची तरी पोर," बर्निस म्हणाली. "चेहरा कुठे दिसतोय?"

मग क्लेल आला. किती तरुण होता! मी विसरूनच गेले होते. घोडा चौखूर उधळला होता आणि क्लेलचं डोकं किंचित उजवीकडे वळलं होतं. तो शोधत होता. ते फक्त मलाच कळलं. मग तो पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सवयीने. मग एकेकाचे हात थांबले, कारण पडद्यावर तो उठला नाही. माणसं धावत आली. त्यातल्या एकाचा पाय वाटेतच घोट्यापर्यंत जमिनीत रुतला आणि तो धडपडला. तिथे फिल्म संपली.

नेडीनने ती परत लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्या माणसाचा पाय रुतला तिथे तिने मशीन थांबवलं.

"हा बघा, पाय रुतला. म्हणजे खड्डा इथेच होता," ती हळू म्हणाली. "मग बाबांचं झुडूप कुठेय? ते म्हणायचे, सगळ्यांनी पाहिलं होतं, खड्ड्यावरच उभं होतं."

 

"फिल्म जुनी आहे, पोरी," बर्निस म्हणाली. "साठ वर्षं गॅरेजात पडलेली. आम्ही इतक्या पुसट झालो, झुडपाचं काय घेऊन बसलीस?"

सगळे हसले. नेडीनही हसली. "हो, तसंच असेल." आणि तिने दिवे लावले.

झालं. मी सुटले होते. मला काही करावं लागलं नव्हतं. लोक उठून कॉफीकडे निघाले, बर्निस माझी पर्स घेऊन उभी राहिली. नेडीन मशीनपाशी वाकून फिल्म गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता तिने एक तुकडा उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले, आणि पुन्हा शोधायला लागली. मान किंचित उजवीकडे. अगदी तशीच.

"तू हो पुढे," मी बर्निसला म्हटलं.

"तुला चक्कर येतेय. ओठ पांढरे पडलेत."

"जा म्हणते ना."

ती गेली. मी खुर्चीच्या पाठी धरत धरत मशीनपर्यंत पोचले. चार पावलांचं अंतर, पण मला ते अजूनही आठवतं.

"फिल्म पुसट नाहीये," मी म्हटलं. "झुडूप नव्हतंच तिथे. मी उपटलं होतं. ती झाडूवाली मी आहे."

नेडीनने मान वर केली. मी थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून मी बोलतच राहिले. कागद, मुळं नसलेलं झुडूप, ट्रक. मग तो वाईट भाग. परत रोवल्याचा.

 तिने फिल्मची गुंडाळी डब्यात ठेवली, झाकण लावलं, मग झाकण काढलं.

"आमच्या अंगणात एक पट्टा होता," ती शेवटी म्हणाली. "गवत उगवायचं नाही तिथे. बाबा रोज संध्याकाळी तिथे चालायचे. पावलं मोजत. लंगडत जायचे, थांबायचे, मान वळवायचे, परत मागे यायचे. आई म्हणायची, सोडा ना आता. ते म्हणायचे, एकदा कळू दे कुठे चुकलो, मग सोडतो. मरायच्या आदल्या वर्षीपर्यंत, मिसेस प्रेविट. वॉकर घेऊन."

"मला माफ..."

"नका. ते आत्ता नका बोलू." तिचा आवाज चिरका झाला. "मीसुद्धा म्हणायचे त्यांना. मोठी झाल्यावर. भांडण झालं की म्हणायचे, शुद्धीत असता तर खूण दिसली असती. मी म्हणायचे! त्यांची मुलगी!"

ती माझ्यावर हात उगारेल असं वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात मशीनवर टेकून.

"साठ वर्षं कशाची भीती वाटत होती तुम्हाला?"

"आधी नोकरी जाण्याची. मग लग्न मोडण्याची. मग..." मला खरंच आठवेना. "मग नुसती भीतीच राहिली. कशाची ते राहिलं नाही."

"आणि आता?"

"आता तुझी वाटते."

दारात बर्निस आली. "चल, तुला घरी नेते. नेडीन, हिला बरं वाटत नाहीये." मग तिने आमच्या दोघींकडे पाहिलं. आणि गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

बाहेर गाड्या थांबल्याचे आवाज येत होते. चारच्या खेळाची माणसं लवकर आली होती. त्यात गावातली असणार, पंपावर पेट्रोल भरलेली, त्याला त्या नावाने हाका मारलेली, आणि त्यांची मुलं. 

नेडीनने बाहीने तोंड पुसलं. कोपऱ्यातलं उंच स्टूल उचललं, पडद्याच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि तळव्याने दाबून पाहिलं, डगमगतं का.

"त्यांनी आधी ऐकायला हवं, मग बघायला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही इथे बसा. बसून सांगा. वेळ लागेल."

"मला जमेल का गं?"

"मला माहीत नाही."

ती दार उघडायला गेली. बर्निसने माझ्या काखेत हात घालून मला वर चढवलं, आणि स्वतः पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर, पर्स मांडीवर घेऊन बसली. माणसं आत येऊ लागली. टोप्या काढून, खुर्च्या ओढून, एकमेकांना हाका मारत. मग एकेकाचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते गप्प होत गेले.

स्टूल माझ्या मानाने उंच होतं. पाय जमिनीला टेकत नव्हते.